स्वीकृती चाचणी, हास्केलमधील

तयार प्रणाली ग्राहकाने मागितल्याप्रमाणे वागते की नाही, हे ती ताब्यात घेण्यापूर्वी पडताळणे म्हणजे स्वीकृती चाचणी. हास्केल या फंक्शनल प्रोग्रॅमिंग भाषेत त्यासाठी एचस्पेक ही लायब्ररी रूढ आहे. तीत अपेक्षित वर्तन वाक्यांत मांडून एकेक उदाहरण तपासले जाते.

हास्केलची खरी देणगी मात्र क्विकचेक. स्वीडनमधील चाल्मर्स तंत्रविद्यापीठातील कून क्लासेन व जॉन ह्यूज यांनी ते २००० साली मांडले. यात उदाहरणे न देता गुणधर्म सांगायचा असतो. ‘कोणतीही यादी दोनदा उलटली की मूळ यादी मिळते’ असे लिहिले, की क्विकचेक स्वतःच यादृच्छिक याद्या, एरवी १००, तयार करून ते पडताळते. ‘एकदा उलटली तरी यादी तीच राहते’ असे चुकीचे विधान दिले, तर ते खोटे ठरवणारी यादी सापडते आणि छाटत छाटत [०, १] एवढीच उरते. दोष हुडकणाऱ्याचे बरेच कष्ट इथेच वाचतात.

शुद्ध फंक्शन बाह्य स्थितीवर अवलंबून नसल्याने त्याची चाचणी सोपी असते. डेटाबेस किंवा नेटवर्क आले, की प्रणालीच्या अवस्थांचे प्रतिमान वेगळे लिहावे लागते. ते कष्ट सार्थकी लागतात. ह्यूज यांच्या कंपनीने क्विकचेकची एर्लांग या भाषेतली आवृत्ती वापरून मोटारनिर्मात्या व्होल्वोसाठी पुरवठादारांचे सॉफ्टवेअर ऑटोसार या वाहन-सॉफ्टवेअरच्या मानकाशी ताडून पाहिले, तेव्हा सुमारे २०० त्रुटी आढळल्या. त्यांतल्या १०० च्या आसपास खुद्द मानकातल्याच होत्या.