समुद्रापासून ८०० किलोमीटर

नागपूरकराने समुद्रावर लिहावे, हा काहींना आगाऊपणा वाटेल. पण उरणच्या किंवा अलिबागच्या चिखलात तेलाने माखलेला एखादा बगळा सापडला, तर वन्यजीव कायद्याप्रमाणे त्याची जबाबदारी ज्यांच्याकडे जाते, त्या राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांचे कार्यालय नागपुरात आहे. त्याच्यावर उपचार करणारा डॉक्टर मुंबईच्या १८८६ सालच्या पशुवैद्यक महाविद्यालयात शिकलेला असेल, तर ते महाविद्यालय आज ज्या विद्यापीठात मोडते, ते महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठही नागपूरचेच, २००० साली स्थापन झालेले. आणि झालेल्या हानीचा अभ्यास करायला जिला बोलावतात ती ‘नीरी’ तर १९५८ पासून इथेच आहे. तेव्हा प्रश्न समुद्राचा असला, तरी त्याची निम्मी कागदपत्रे ८०० किलोमीटर आत, संत्र्यांच्या मुलखात फिरत असतात.

शनिवार, ७ ऑगस्ट २०१० रोजी सकाळी मुंबई बंदराबाहेर ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया-३’ या दोन जहाजांची टक्कर झाली. ‘चित्रा’ कलंडले. डेकवरचे कंटेनर पाण्यात पडू लागले आणि टाक्यांतले सुमारे ८०० टन इंधन तेल समुद्रात पसरले. मुंबई आणि जवाहरलाल नेहरू ही दोन्ही बंदरे काही दिवस बंद राहिली. तरंगते कंटेनर, त्यांतली कीटकनाशके आणि मासे खावेत की नाही, याच चर्चेने वर्तमानपत्रांचे रकाने भरले. मासळी बाजार ओस पडले. तेल घारापुरी, उरण, शिवडी, मांडवा असे पसरत खारफुटीत शिरले आणि तिच्या श्वसनमुळांवर काळा थर बसला. पुढे परिणामांच्या अभ्यासासाठी नीरीचे शास्त्रज्ञ किनाऱ्यावर आले.

या गदारोळात पक्ष्यांचा विषय मागे राहिला. त्याचे कारण साधे होते. शिवडीच्या चिखलपट्ट्यात हजारोंनी उतरणारे रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, नोव्हेंबरच्या सुमारास येतात आणि पावसाळ्याच्या तोंडावर जातात. टक्कर झाली ती ऐन श्रावणाच्या आगेमागे. हीच दोन जहाजे जानेवारीत आदळली असती, तर काय झाले असते आणि त्या पक्ष्यांना कोणी, कुठे, कशाने धुतले असते, याचे उत्तर त्या वेळी कोणाकडे तयार होते असे दिसत नाही. आपण तयारीमुळे वाचलो नाही, पंचांगामुळे वाचलो.

‘धुतले असते’ हा शब्द जपून वापरायला हवा, कारण या क्षेत्रातली पहिली चूक धुण्याच्या घाईतूनच होते. पिसांचे बारीक तंतू एकमेकांत अडकून पाणी आत येऊ देत नाहीत. तेल लागले की ही वीण सुटते. पाणी थेट त्वचेला भिडते आणि पक्षी गारठतो. तो चोचीने पिसे साफ करू लागतो, तेव्हा तेल पोटात जाते. असा अर्धमेला पक्षी हातात आल्या आल्या साबणात बुडवला, तर तो तिथेच मरण्याची शक्यता जास्त. म्हणून आधी ऊब, मग नळीने पाणी व पातळ अन्न, अंधार, शांतता; आणि रक्ततपासणीत तग धरेल असे दिसल्यावर, बहुधा एखाद्या दोन दिवसांनी, भांडी घासायच्या द्रवसाबणाने कोमट पाण्यात धुणे. एका पेलिकनला हजारभर लिटर पाणी लागू शकते. साबणाचा अंश राहिला, तरी पिसे पाणी धरतात, म्हणून खळबळण्याला धुण्याइतकाच वेळ द्यावा लागतो.

हे शहाणपण जगाला फार महाग पडले. मार्च १९६७ मध्ये ‘टॉरी कॅन्यन’ हे तेलवाहू जहाज इंग्लंडच्या कॉर्नवॉल किनाऱ्याजवळ खडकावर चढले. माणसांनी हजारो पक्षी उचलून आणले, कळकळीने धुतले. जगले फार थोडे. तेलावर फवारलेल्या रसायनांनी किनाऱ्याचे आणखी नुकसान केले ते वेगळेच. १९७१ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीत दोन जहाजे आदळल्यावरही बहुतेक पक्षी दगावलेच, पण त्यातून ॲलिस बर्कनर या परिचारिकेने पक्षी बचावाची कायमची संस्था उभी केली. (शुश्रूषेची पद्धत पक्ष्यांना लावण्याची बुद्धी एका नर्सला व्हावी, हे मला फार योग्य वाटते.)

खरा धडा दक्षिण आफ्रिकेचा आहे. तिथे समुद्रपक्ष्यांसाठी १९६८ पासून संस्था काम करत होती. १९९४ मध्ये ‘अपोलो सी’ बुडाले, तेव्हा सुमारे १०,००० पेंग्विन तेलात सापडले आणि त्यांतले जवळपास निम्मे मेले. बरेचसे तर नेण्याआणण्यातच. सहा वर्षांनी, जून २००० मध्ये, ‘ट्रेझर’ बुडाले. या वेळी खोकी हवेशीर होती, केपटाऊनमधल्या रेल्वेच्या एका रिकाम्या शेडमध्ये तळ पडला आणि हजारो स्वयंसेवकांनी सुमारे १९,००० पेंग्विन धुतले. त्यांतले बहुसंख्य जगले. शिवाय तेल न लागलेले आणखी १९,००० हून अधिक पेंग्विन उचलून दूर पोर्ट एलिझाबेथला सोडले गेले. ते पोहत घरी परतेपर्यंत पाणी साफ करून घ्यायचे, हा हिशेब. मुंबईपासून नागपूर जितके दूर, साधारण तेवढे अंतर ते पेंग्विन पोहून आले.

आपल्याकडे कागद नाही असे नाही. समुद्रातील तेलगळतीचा राष्ट्रीय आराखडा १९९६ साली तटरक्षक दलाने अमलात आणला. पण त्यातला भर तेल अडवण्यावर आणि उपसण्यावर. जनावर वाचवायचे ते वनखात्याने. २०१० नंतर राज्याने काही पावले टाकली हे मान्य करायला हवे. २०१२ मध्ये कांदळवन कक्ष झाला, २०१५ मध्ये ठाणे खाडीला फ्लेमिंगो अभयारण्याचा दर्जा मिळाला आणि डहाणूला जखमी समुद्री कासवांवर उपचार होतात. पण दहा कासवे सांभाळणे वेगळे आणि दोन दिवसांत दोन हजार पक्षी येणे वेगळे.

डिसेंबर २०२३ मध्ये चेन्नईजवळ एन्नोरच्या खाडीत पुराबरोबर तेल आले ते ऐन हिवाळ्यात, पक्षी हजर असताना. तेलाने काळवंडलेले पेलिकन लोकांनी पाहिले. पण ज्याला अजून उडता येते तो पक्षी हाती लागत नाही आणि हाती लागतो तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो. ती खिंड कशी गाठायची, याचा सराव आधीच व्हावा लागतो.

सराव कसा होतो हे नागपूरला ठाऊक आहे. सेमिनरी हिल्सवरच्या वन्यजीव उपचार केंद्रात संक्रांतीच्या सुमारास नायलॉन मांजाने कापलेले पक्षी येऊ लागतात. ऊब, पाणी, अंधार, शांतता ही तिथलीही पहिली औषधे. संक्रांतीची तारीख ठरलेली असते, म्हणून माणसे, पेट्या, सलाइन आधीच जमवता येते. तेलाला तारीख नाही, पण जागा बरीचशी ठरलेली आहे: मुंबईच्या बंदराचे तोंड. ‘चित्रा’नंतर वर्षभरातच, ४ ऑगस्ट २०११ रोजी, ‘रॅक कॅरियर’ मुंबईजवळच बुडाले आणि पुन्हा तेल आले. पुन्हा ऑगस्टच होता.

केपटाऊनला लागली ती एक रिकामी शेड, गरम पाण्याची सोय, सांडपाणी जिरवण्याची जागा आणि हाक मारल्यावर येणारी शिकलेली माणसे. पशुवैद्यकाचे विद्यार्थी दरवर्षी नागपूरच्या विद्यापीठाची पदवी घेऊन बाहेर पडतातच. आणि उरणच्या बाजूला, जवाहरलाल नेहरू बंदराभोवती, गोदामांना तोटा नाही.