ट्रान्समीटर : अंशशोधन व दोषनिदान

ट्रान्समीटर (पारेषक) : दाब, तापमान, पातळी किंवा प्रवाह मोजून त्या मापाचा प्रमाणित विद्युत् संकेत नियंत्रण कक्षाकडे पाठवणारे उपकरण. गोंदिया जिल्ह्यात तिरोडा येथील औष्णिक वीज केंद्राची क्षमता ३,३०० मेगावॉट (६६० मेगावॉटचे ५ संच) आहे. तेथील बॉयलर, टर्बाइन व पाणीपुरवठा अशा उपकरणांच्या आधारेच चालतात. गोंदिया जिल्हा हा भाताचाही पट्टा. तिथे भात उकडणाऱ्या गिरणीतही बॉयलरचा दाब आणि पाण्याची पातळी ही दोन मापे निर्णायक असतात. लहान बॉयलरवर ती दाबमापक व काचनळीवरून वाचली जातात.

संकेत : सर्वाधिक रूढ संकेत ४ ते २० मिलिअँपिअरचा. ०–१० बार पल्ल्याच्या उपकरणात ० बारला ४, ५ बारला १२ व १० बारला २० मिलिअँपिअर प्रवाह वाहतो. शून्य मापालाही ४ मिलिअँपिअर ठेवल्याने खरे शून्य आणि तुटलेली तार यांतला फरक कळतो. संकेत ३.६ च्या खाली किंवा २१ च्या वर गेला, तर तो बिघाड मानण्याचा प्रघात आहे.

अंशशोधन (कॅलिब्रेशन) : प्रथम उपकरण आहे त्या स्थितीत तपासून चूक नोंदवतात. ही नोंद न करता स्क्रू फिरवला, तर मागील तपासणीपासून चुकीचे माप मिळत होते का, हे कधीच कळत नाही. नंतर ०, २५, ५०, ७५ व १०० टक्के दाब चढत्या आणि मग उतरत्या क्रमाने देतात. दोन्ही क्रमांतील वाचनांचा फरक म्हणजे पश्चता. मानक उपकरणाची चूक तपासल्या जाणाऱ्या उपकरणाच्या अनुज्ञेय चुकीच्या एक चतुर्थांशाहून अधिक नसावी. कम्युनिकेटरवरून पल्ला बदलणे म्हणजे अंशशोधन नव्हे; त्याने संवेदकाची चूक जात नाही.

दोषनिदान : वाचन चुकले की आधी उपकरणाबाहेर पाहावे : २४ व्होल्टचा पुरवठा, सैल टर्मिनल, जंक्शन बॉक्समधील ओल, तुंबलेली इम्पल्स लाइन. डीपी (दाबफरक) ट्रान्समीटरमध्ये मॅनिफोल्डचे दोन्ही आयसोलेशन व्हॉल्व्ह बंद करून मधला समकारी व्हॉल्व्ह उघडला, की दाबफरक शून्य होतो. तरीही उपकरण शून्य दाखवत नसेल, तर त्याचे शून्य सरकलेले असते. दाखवत असेल, तर दोष बहुधा लाइनमध्ये शोधावा. प्रवाहमापनात वर्गमूळ एकाच ठिकाणी काढावे. ट्रान्समीटर व नियंत्रक दोघांनीही ते काढले, तर ५० टक्के प्रवाह सुमारे ७१ टक्के दिसतो.

ड्रमची पातळी : ड्रम (पाणी व वाफ वेगळी होणारे भांडे) असलेल्या बॉयलरमध्ये पातळी दाबफरकावरून मोजताना संदर्भनळी पाण्याने भरलेली असावी लागते. ती रिकामी झाली की दाबफरक घटतो आणि पडद्यावर पातळी उंच दिसते; प्रत्यक्षात ड्रम कोरडा पडत असू शकतो. म्हणून लाइन साफ केल्यावर संदर्भनळी पुन्हा भरेपर्यंत वाचनावर विसंबू नये आणि काचनळी प्रत्यक्ष पाहावी. तिरोड्याचे संच अतिक्रांतिक आहेत. सुमारे २२१ बारच्या क्रांतिक दाबाहून अधिक दाबावर पाणी व वाफ वेगळी राहत नसल्याने त्यांना असा ड्रम नसतो.

सुरक्षा : ट्रान्समीटरला हात लावण्यापूर्वी नियंत्रण कक्षाला कळवून संबंधित लूप मॅन्युअलवर घ्यावे आणि ट्रिपशी जोडलेला संकेत परवानगीनेच बायपास करावा. काम संपल्यावर तो बायपास काढणे हा अंशशोधनाचाच शेवटचा टप्पा आहे. तो राहून गेला, तर अचूक केलेले उपकरणही बॉयलर वाचवू शकत नाही.