महाभारताचे मूळ आणि महाभारताची वाढ

महाभारत केव्हा रचले गेले, या प्रश्नाला एका सनाचे उत्तर नाही. बहुतेक अभ्यासक इ. स. पूर्व चौथ्या शतकापासून इ. स. चौथ्या शतकापर्यंतचा दीर्घ काळ सांगतात. सूतांनी गायिलेल्या युद्धकथेवर आख्यानांचे आणि धर्मचर्चेचे थर चढत गेले. खुद्द आदिपर्वात 24,000 श्लोकांच्या 'भारता'चा उल्लेख आहे. पुढे हीच संहिता 'शतसाहस्री' म्हणविली गेली.

या थरांखालील प्राचीनतम पाठ शोधण्याचा सर्वांत मोठा प्रयत्न पुण्यात झाला. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने 1919 साली चिकित्सक आवृत्तीचे काम आरंभिले. 1925 पासून विष्णु सीताराम सुकथनकर प्रमुख संपादक होते. 1943 साली त्यांचे निधन झाले. पुढे श्रीपाद कृष्ण बेलवलकर आणि परशुराम लक्ष्मण वैद्य यांनी ती धुरा वाहिली आणि 1966 साली अठरा पर्वे पूर्ण झाली. शारदा, नेपाळी, बंगाली, ग्रंथ, मल्याळम् अशा अनेक लिप्यांतील 1259 हस्तलिखिते या कामी तपासली गेली.

या शोधात आमच्या परिचयाचे बरेच काही मूळ पाठाबाहेर गेले. व्यासांचा लेखनिक गणपती परिशिष्टात गेला. फ्रँकलिन एजर्टन यांनी संपादिलेल्या सभापर्वात द्रौपदीची वस्त्रे वाढत जातात. पण कृष्णाचा धावा तेथे नाही. इरावती कर्वे यांच्या 'युगान्त'मधील माणसांची कठोर, निराधार कथा याच पाठाच्या आधाराने उभी राहिली.

मग महाराष्ट्राने पिढ्यान्‌पिढ्या ऐकलेले महाभारत खोटे म्हणावे काय? भीमाकाठी, मांडवगण फराट्यापासून खाली पंढरपुरापर्यंत, संस्कृत संहिता वाचणारे फार थोडे असणार. या मुलखाला पांडव भेटले ते कीर्तनातून आणि पोथीतून. श्रीधरस्वामींनी 1712 साली पंढरपुरात 'पांडवप्रताप' पूर्ण केला. त्यातील कृष्ण द्रौपदीच्या हाकेला धावतो, आणि ऐकणाऱ्यांना हवा होता तो हाच कृष्ण.

आमच्या मते 'प्रक्षेप' या शब्दातील तुच्छता येथे अस्थानी आहे. भरसभेत एका स्त्रीची विटंबना होते, तिच्या प्रश्नाला भीष्मांपाशीही नि:संदिग्ध उत्तर नसते, आणि धर्म कोठे होता हे कथा सांगत नाही. ही पोकळी श्रोत्यांना असह्य झाली, म्हणून तेथे कृष्ण आला. प्रक्षेप म्हणजे वाचकाने ग्रंथाला दिलेले उत्तर होय. चिकित्सक आवृत्तीचे थोरपण असे की तिने ही उत्तरे फेकून दिली नाहीत. तळटीपांत आणि परिशिष्टांत ती जपून ठेवली. त्यामुळे द्रौपदीचा प्रश्न आणि त्यावर शतकानुशतके दिली गेलेली उत्तरे आज शेजारी शेजारी वाचता येतात.

महाभारताच्या चिरंतन आकर्षणाचे कारणही आम्हांस येथेच दिसते. ज्या ग्रंथात सारे प्रश्न मिटलेले असतात, त्याची पूजा होते. त्यात कोणी भर घालीत नाही. महाभारतात मात्र प्रत्येक काळाने भर घातली, कारण द्रौपदीचा प्रश्न कोणत्याच काळाला मिटलेला वाटला नाही.