गाठींचे दफ्तर: इंकांचे किपू कसे उलगडले?

१/ इंका साम्राज्याचे दफ्तर कागदावर नव्हते, दोऱ्यांवर होते. एक आडवी मुख्य दोरी, तिला लोंबणाऱ्या अनेक रंगीत दोऱ्या आणि त्यांवर ओळीने मारलेल्या गाठी. याचे नाव किपू. केचुआ भाषेत त्याचा अर्थच ‘गाठ’.

२/ हे हिशेब किपुकामायोक नावाचे कारकून ठेवत आणि वाचून दाखवत. स्पॅनिश न्यायालयांनीही त्यांची साक्ष ग्राह्य धरली होती. पुढे १५८३ मध्ये लिमाच्या धर्मपरिषदेने किपूंवर मूर्तिपूजेचा ठपका ठेवला आणि ते नष्ट करण्यास फर्मावले. कालांतराने वाचणारे संपले. संग्रहालयांत उरल्या त्या मुक्या दोऱ्या.

३/ १९१२ मध्ये गणिताचे अध्यापक लेलंड लॉक यांनी न्यूयॉर्कच्या संग्रहालयातील किपू तपासून एक लेख प्रसिद्ध केला. गाठींचा ‘अर्थ’ शोधण्याआधी त्यांनी गाठींची जागा आणि घडण पाहिली. गाठी तीनच प्रकारच्या होत्या, आणि त्या दोरीवर ठरावीक उंचीवरच येत होत्या.

४/ ही दशमान पद्धती होती. दोरीच्या टोकाजवळ एकक, त्याच्या वर दशक, त्याहून वर शतक. दशक-शतकासाठी साध्या गाठी. एककासाठी मात्र जितका अंक तितक्या वेढ्यांची लांब गाठ. एका वेढ्याची लांब गाठ होत नाही, म्हणून १ साठी इंग्रजी आठाच्या आकाराची गाठ. शतकस्थानी तीन साध्या गाठी, दशकस्थान रिकामे, खाली चार वेढ्यांची गाठ: वाचा ३०४. शून्य म्हणजे राखलेली मोकळी जागा! एककाची गाठ वेगळी असल्याने संख्या कुठे संपते हेही कळते.

५/ पण हे वाचन बरोबर कशावरून? पुरावा किपूतच होता. काही दोऱ्या उलट दिशेने, वर वळवून बांधलेल्या होत्या, आणि त्यांवरची संख्या खालच्या दोऱ्यांच्या बेरजेइतकीच भरत होती. आपल्या जमाखर्चातली तेरीजच ती. वाचन चुकीचे असते, तर बेरजा जुळल्या नसत्या.

६/ २००५ मध्ये गॅरी अर्टन आणि कॅरी ब्रेझीन यांनी लिमाजवळच्या पुरुचुको येथील किपू संगणकावर ताडून पाहिले. एका किपूतील बेरजा दुसऱ्या, वरच्या पातळीवरील किपूत चढत होत्या.

७/ तरीही ३०४ काय? लामा, मक्याची पोती की माणसे? आकडा वाचता आला, रकान्याचे नाव हरवलेलेच राहिले. शिवाय काही किपूंच्या गाठी या नियमात बसतच नाहीत.

८/ त्यासाठी बाहेरचा कागद हवा होता. पेरूच्या सांता खोऱ्यातील सहा किपूंत सहा-सहा दोऱ्यांचे १३३ गट आहेत. त्याच भागातील १६७० च्या एका स्पॅनिश नोंदीत करदाते आहेत १३२. मॅनी मेद्रानो या विद्यार्थ्याने अर्टन यांच्यासह हे दोन्ही शेजारी ठेवले. लेख आला २०१८ मध्ये. गटातील पहिली दोरी मुख्य दोरीला पुढून बांधली आहे की मागून, यावरून तो करदाता समाजाच्या कोणत्या गटातला हे कळत असावे, असे त्यांचे अनुमान आहे.