पचन तंत्राचे वैद्यकीय शिक्षण, महाराष्ट्रातील

मुखापासून गुदद्वारापर्यंतचा अन्नमार्ग आणि त्याच्याशी निगडित लाला ग्रंथी, यकृत, पित्ताशय व अग्निपिंड यांची रचना, कार्य व विकार यांचे ज्ञान वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना देण्याची पद्धती. हे ज्ञान एकाच विषयात सामावलेले नसते. रचना शारीरात, कार्य शरीरक्रियाविज्ञानात, रोगजन्य बदल विकृतिविज्ञानात आणि रोग्याची तपासणी व उपचार कायचिकित्सा, शस्त्रक्रिया व बालरोगविज्ञान यांत शिकविले जातात. या विखुरलेल्या अंगांचा मेळ विद्यार्थ्याच्या मनात कसा घालावा, हा या शिक्षणाच्या इतिहासातील मुख्य प्रश्न होय.

प्रारंभ : आयुर्वेदाने जठराग्नीला आरोग्याचे मूळ मानले असून अतिसार, ग्रहणी, अजीर्ण इत्यादींचे विवेचन संहितांत आढळते. पाश्चात्त्य वैद्यकाचे पद्धतशीर शिक्षण मुंबई इलाख्यात १८४५ मध्ये स्थापन झालेल्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात सुरू झाले. त्याला जोडून जमशेटजी जीजीभाई रुग्णालय उभारण्यात आले. महाविद्यालयाचे पहिले प्रमुख चार्ल्स मोरहेड यांनी रुग्णशय्येजवळील अध्यापनावर भर दिला. त्यांचा क्लिनिकल रिसर्चेस ऑन डिसीज इन इंडिया हा द्विखंडात्मक ग्रंथ १८५६ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्वरांबरोबरच आमांश, पटकी व यकृतशोथ यांना त्यात मोठे स्थान आहे. भाऊ दाजी लाड हे १८५१ मध्ये येथून उत्तीर्ण झालेल्या पहिल्या तुकडीतील होत. पुण्यास १८७८ मध्ये बैरामजी जीजीभाई वैद्यकीय शाळा निघाली व १९४६ मध्ये तिचे महाविद्यालयात रूपांतर झाले. मुंबईत १९२६ मध्ये सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय व राजे एडवर्ड स्मारक रुग्णालय सुरू झाले.

मोरहेड यांच्या काळात विद्यार्थ्याला रोगाची लक्षणे व शवपरीक्षेत आढळणारे व्रण यांची सांगड घालता येत असे. तथापि रोगाचे कारण अज्ञात होते. आमांश व यकृतातील विद्रधी (गळू) एकाच रोग्यात आढळतात, हे दिसत असूनही त्यांचा संबंध स्पष्ट नव्हता. सेंट पीटर्सबर्ग येथे फेडर लॉश यांनी १८७५ मध्ये आमांशाच्या रोग्याच्या मलात अमीबा पाहिला. अमेरिकेतील कौन्सिलमन व लाफ्लर यांनी १८९१ मध्ये अमीबाजन्य आमांश व यकृतविद्रधी यांचे विस्तृत वर्णन केले. लेनर्ड रॉजर्स यांनी कलकत्ता येथे १९१२ मध्ये एमेटिनाच्या अंतःक्षेपणाचा उपचार रूढ केला. त्यामुळे मलाची सूक्ष्मदर्शकीय तपासणी हा विद्यार्थ्याच्या शिक्षणाचा आवश्यक भाग ठरला. १९६० नंतरच्या दशकात मेट्रोनिडाझोल हे तोंडाने देता येणारे औषध उपलब्ध झाले आणि एमेटिन मागे पडले.

क्रियाविज्ञान व उपचार : पटकीचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८३–८४ मध्ये ओळखला, परंतु त्या जंतूमुळे शरीरातील पाणी का वाहून जाते, याचा उलगडा झाला नव्हता. शंभूनाथ डे यांनी १९५९ मध्ये कलकत्ता येथे पटकीच्या जंतूचे विष आतड्यात द्रव स्रवविते, असे प्रयोगाने दाखविले. ग्लुकोजाबरोबर सोडियमही आतड्यातून शोषले जाते, ही कल्पना रॉबर्ट क्रेन यांनी १९६० मध्ये मांडली. पटकीमध्येही ही शोषणक्रिया टिकून राहते, असे पुढे आढळले. दिलीप महालनबीस यांनी १९७१ मध्ये बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत मीठ व ग्लुकोज यांचे द्रावण तोंडाने पाजविले, तेव्हा रोग्यांच्या मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ३·६ टक्क्यांपर्यंत घटले. शरीरक्रियाविज्ञानाच्या वर्गातील एक नियम घरोघरीच्या मातेच्या हाती कसा पोहोचतो, याचे हे उत्तम उदाहरण आहे.

पुण्याचा अनुभव : बालकांतील यकृतकाठिण्य हा १ ते ३ वर्षे वयाच्या मुलांना होणारा रोग भारतात दीर्घकाळ आढळत असे व तो बहुधा प्राणघातक ठरे. पोट फुगणे, यकृत कठीण होणे व कावीळ ही त्याची लक्षणे वर्गात शिकविली जात. कारण मात्र सांगता येत नसे. रोग्यांच्या यकृतात तांब्याचा मोठा संचय आढळल्याने पुणे येथील राजे एडवर्ड स्मारक रुग्णालयातील संशोधकांनी मुलांच्या आहाराची चौकशी केली. टॅनर, भावे, पंडित व त्यांचे सहकारी यांनी १९८३ मध्ये तांब्या-पितळेच्या भांड्यांत तापविलेल्या व साठविलेल्या दुधाकडे लक्ष वेधले. कल्हई नसलेल्या भांड्यातून तांबे दुधात उतरते आणि ते दूध फार लवकर सुरू केल्यास तान्ह्या मुलाच्या यकृतात साचते. भांडी बदलण्याचा सल्ला देण्यात आला. पोलादी भांड्यांचाही प्रसार झाला आणि रोग विरळ होत गेला. तांब्याखेरीज आनुवंशिक घटकाचा वाटा किती, याविषयी मतभेद राहिले. तथापि यकृताच्या विकाराचे मूळ शोधताना स्वयंपाकघरापर्यंत जावे लागते, हा धडा त्यातून मिळाला.

जिल्हा पातळीवरील विस्तार : खानदेशातील विद्यार्थ्यांना पदवीसाठी दीर्घकाळ मुंबई, पुणे, औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) यांसारख्या शहरी जावे लागे. सुरत–भुसावळ लोहमार्गावरील नरडाणा (ता. शिंदखेडा) यासारख्या गावचा रोगी व त्याचा आजार शिकणारा विद्यार्थी यांत मोठे अंतर होते. १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस धुळे येथे भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि २०१८ मध्ये जळगाव येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाल्याने हे अंतर कमी झाले. सातपुड्यातील आदिवासी समाजांत आढळणाऱ्या दात्रकोशिका रक्तविकारात तांबड्या कोशिका सतत नाश पावत असल्याने तरुण वयातच पित्ताश्मरी होऊ शकतात. पोटदुखीच्या अशा रोग्यात रक्ताची तपासणी का करावी, हे स्थानिक रुग्णालयातच चांगले समजते.

सद्यःस्थिती : भारतात २०१९ पासून क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम लागू झाला. त्यात विषयांचा समन्वय व पहिल्या वर्षापासून रोग्याशी परिचय यांवर भर आहे. आतड्याची रचना, कार्य, जंतू, औषध आणि पिण्याचे पाणी यांचा एकत्र विचार करण्याची सवय विद्यार्थ्याला लावणे, हा त्याचा हेतू होय. आमांश, पटकी व बालकांतील यकृतकाठिण्य या तिन्ही रोगांच्या इतिहासावरून अशा विचाराची आवश्यकता दिसून येते.