पुसलेला आकडा परत कसा मिळतो?

बारामती किंवा इंदापूर तालुक्यातला शेतकरी आज सातबारा संगणकावरून काढून घेतो. पूर्वी ही नोंद फक्त तलाठ्याच्या दप्तरात असे. दप्तराला वाळवी लागली की नोंद गेली. मग संगणकातली तबकडी, म्हणजे डिस्क, बिघडली तर काय होते? हे समजण्यासाठी आपण जुन्या खातेवहीकडेच जाऊ.

समजा, तीन खातेदारांचा सारा ७, ४ आणि ९ रुपये आहे व खाली बेरीज २० लिहिली आहे. मधला आकडा पुसला गेला. २० मधून ७ व ९ वजा केले की ४ परत मिळतो. एरवी बेरीज जास्तीची वाटते. एक आकडा हरवला की तिचे मोल कळते.

संगणकात ० आणि १ हे दोनच अंक. तीन डिस्कवर एकाच जागी १, ०, १ असतील, तर चौथीवर असा अंक लिहितात की १ची एकूण संख्या सम व्हावी. म्हणजे येथे ०. कोणतीही एक डिस्क गेली तरी उरलेल्या तिघींवरून तिचा अंक काढता येतो. या तऱ्हेच्या युक्तीचे पेटंट १९७८ साली आयबीएमच्या नॉर्मन ओउची यांना मिळाले. १९८८ मध्ये अमेरिकेतील बर्कली विद्यापीठाच्या पॅटरसन, गिब्सन व कॅट्झ यांनी तिला पद्धतशीर रूप देऊन ‘रेड’ हे नाव दिले. त्यांचा हिशोब साधा होता. एक डिस्क सरासरी ३०,००० तास टिकत असेल, तर १०० डिस्कच्या संचात सरासरी ३०० तासांत, म्हणजे दोन आठवड्यांच्या आतच, एखादी बिघडणार! जास्तीच्या नोंदीशिवाय स्वस्त डिस्कचा मोठा संच निरुपयोगी होता.

बिघडलेली डिस्क काढून नवी बसवली की उरलेल्या डिस्क वाचून तिच्यावरची माहिती पुन्हा लिहिली जाते. हाच काळ धोक्याचा. तेवढ्यात दुसरी डिस्क गेली, किंवा चुकून चांगलीच डिस्क उपसली, तर एका बेरजेवरून दोन आकडे निघत नाहीत. म्हणून पुढे दोन जास्तीच्या नोंदी ठेवणारी पद्धत आली. अनेक संगणकांच्या जुळणीत माहितीचे भाग वेगवेगळ्या यंत्रांवर ठेवतात. त्यामुळे एखादे यंत्रच बंद पडले तरी काम चालते.

पण मुळातली नोंदच चुकीची असेल तर? याचे उत्तर इंदापूरच्या इतिहासात आहे. प्रिंगल यांच्या मोजणीवर आधारलेली सारा-आकारणी १८३० च्या सुमारास येथे लागू झाली. मोजणी सदोष होती आणि सारा जड होता. शेतकरी जमिनी टाकून निघून गेले. त्या आकड्यांच्या कितीही नकला केल्या असत्या तरी चूकच जपली गेली असती. गोल्डस्मिड व विंगेट यांनी १८३५-३६ मध्ये काम नव्याने हाती घेतले, सारा कमी केला आणि तो ३० वर्षांसाठी कायम केला. हीच पद्धत पुढे मुंबई इलाख्यात पसरली.

‘रेड’ हरवलेले परत देते, चुकलेले दुरुस्त करत नाही. चूक आधीच लिहिली गेली असेल तर तीही इमानाने परत मिळते. म्हणून जुनी, वेगळी ठेवलेली प्रत लागतेच. वर्गात फळ्यावर चार आकडे व त्यांची बेरीज लिहून प्रथम एक, मग दोन आकडे पुसून पाहावेत. शेवटी एक आकडा मुद्दाम चुकीचा लिहून त्यावरूनच बेरीज करावी, आणि मुलांना चूक शोधायला सांगावी.