ट्रायटनचं कूळ चारचाकीचं

जुनी बुलेट ‘कॅफे रेसर’ करून घ्यायची हौस आपल्याकडे आता शहराशहरांत दिसते. खाली झुकलेलं हँडल, मागे छोटं कुबड असलेली एकट्यापुरती सीट, सायलेन्सरच्या पाइपाला गुंडाळलेली पट्टी. या रूपाची खरी पूर्वज म्हणजे इंग्लंडची ट्रायटन. फ्रेम नॉर्टनची, इंजिन ट्रायम्फचं, आणि नाव दोघांचं मिळून.

तिच्या जन्माची नेहमीची गोष्ट लंडनच्या नॉर्थ सर्क्युलर रोडवरच्या एस कॅफेत घडते. 1938 साली उघडलेलं, युद्धात बॉम्ब पडून उद्ध्वस्त झालेलं, 1949 मध्ये पुन्हा उभं राहिलेलं हे ठिकाण. तिथे चामडी जाकिटातली पोरं जमायची आणि ताशी 100 मैल गाठायला सुटायची. गोष्ट खरी आहे, पण तिच्यात फ्रेम कुठेच नाही. मी फ्रेमचा माग काढत गेलो आणि पोचलो तो चारचाकींच्या शर्यतीत.

बेलफास्टच्या रेक्स आणि क्रोमी मॅककँडलेस या भावांनी घडवलेली फ्रेम नॉर्टनने 1950 मध्ये शर्यतीत उतरवली. नळ्यांचे दोन पूर्ण वेढे, मधे इंजिन, मागे स्विंगआर्म. त्याच वर्षी आयल ऑफ मॅनच्या टीटीत सीनियर आणि ज्युनियर अशा दोन्ही शर्यतींत पहिले तिन्ही क्रमांक नॉर्टनने घेतले. नॉर्टनचा शर्यतपटू हॅरल्ड डॅनियल याला ती पिसांच्या गादीसारखी वाटली, म्हणून तिला फेदरबेड म्हणू लागले.

आता दुसरा धागा. त्याच 1950 मध्ये 500 सीसीच्या चिमुकल्या रेसिंग मोटारींना फॉर्म्युला थ्री म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. युद्धानंतरच्या ओढग्रस्तीत कमी पैशांत शर्यत खेळता यावी यासाठी निघालेला हा प्रकार. मोटारसायकलचं इंजिन चालकाच्या पाठीमागे बसवायचं आणि साखळीने मागची चाकं फिरवायची. सर्बिटनच्या कूपर बापलेकांनी या मोटारींचा धंदाच उभारला. स्टर्लिंग मॉसचं नाव झालं ते अशाच कूपरमधून. सुरुवातीला जेएपीची इंजिनं चालत. पुढे फेदरबेड फ्रेमवरच्या नॉर्टन मँक्स या शर्यतीच्या मोटारसायकलचं दोन कॅमशाफ्टचं, एका सिलिंडरचं इंजिन सगळ्यांना भारी पडू लागलं.

पण नॉर्टन गिऱ्हाइकाला नुसतं इंजिन विकत नसे. मग मोटारवाले अख्खी मँक्स घेत, इंजिन काढून कूपरमध्ये घालत आणि उरलेला सांगाडा विकून टाकत. म्हणजे त्या काळातली अव्वल फ्रेम, शॉकअप, चाकं आणि ब्रेक यांच्यासकट, इंजिनाविना बाजारात येई! ज्या पोराला अख्खी मँक्स स्वप्नातही परवडली नसती, त्याच्यासाठी ही लॉटरीच होती.

भरायला इंजिनही तयारच होतं. एडवर्ड टर्नरने आखलेल्या 1937 च्या स्पीड ट्विनपासून ट्रायम्फची दोन सिलिंडरची इंजिनं हलकी, जोरकस आणि मुबलक होती. ट्रायम्फचं दुखणं फ्रेममध्ये होतं; वेगात वळण घेताना गाडी डुलायची. शिवाय 650 सीसीच्या ट्रायम्फचं इंजिन आणि गिअरबॉक्स 1962 पर्यंत वेगवेगळे असत. त्यामुळे अॅल्युमिनियमच्या जाड पत्र्यातून माउंटिंग प्लेटा कापल्या की परक्या फ्रेममध्येही इंजिन बसवता येई.

यावर आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. मँक्स थोड्याच बनल्या. मग रस्त्यावरच्या एवढ्या ट्रायटन कुठून आल्या? नॉर्टनची रोजच्या वापराची डॉमिनेटरही फेदरबेड फ्रेमवरच येत असे, आणि पडझड झालेल्या डॉमिनेटर भंगारात भरपूर मिळत. बहुतेक ट्रायटन त्यांच्यापासून बनल्या, हे मी मान्य करतो. पण डॉमिनेटरमध्ये मुळात चांगलं चालणारं इंजिन होतं. ते उपटून दुसरं घालावं ही कल्पना धडधाकट गाडी पाहून सुचत नाही, रिकामी फ्रेम समोर पडलेली असली की सुचते. माझं ठाम मत आहे की युक्ती मँक्सच्या सांगाड्यांनी दिली आणि संख्या डॉमिनेटरने पुरवली.

ट्रायटन नुसती कॅफेपुढे उभी करायची गाडी नव्हती, याचा पुरावा 1965 चा आहे. बार्सिलोनाच्या मोंटजुइक टेकडीवरची 24 तासांची शर्यत डेव्ह डेगन्स आणि रेक्स बुचर यांनी ट्रायटनवर जिंकली. खाली झुकलेलं हँडल वारा कापण्यासाठी होतं. त्याच्या जोडीला फूटरेस्ट मागे सरकवलेले असत, म्हणजे धडाचा भार पायांनाही पेलता येई. आज हँडल तेवढं बदलतं, फूटरेस्ट जागच्या जागी राहतात आणि सगळा भार मनगटांवर येतो. त्यावर ठोकळेदार नक्षीचे जाडजूड टायर चढले की वळणात झुकवताना पकड आणि भरवसा दोन्ही घटतात. याला ट्रायटनची परंपरा म्हणणं मला पटत नाही. फ्रेम किंवा इंजिन बदलायचं तर आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आड येतं, हे खरं. पण चांगले टायर आणि चांगले ब्रेकशू घालायला कुणाची आडकाठी नाही.

ट्रायटनची दोन्ही घराणी आता भारताशी जोडली गेली आहेत. नॉर्टन 2020 मध्ये टीव्हीएसने घेतली, आणि ट्रायम्फची स्पीड 400 2023 पासून बजाजच्या चाकणच्या कारखान्यात तयार होते. तरी ट्रायटनची रीत मला सर्वांत जवळून दिसते ती रॉयल एनफील्डच्या काँटिनेंटल जीटी 650 मध्ये. तिच्या दोन सिलिंडरच्या इंजिनासाठी फ्रेम घडवायला कंपनीने हॅरिस परफॉर्मन्स ही इंग्लंडमधली फ्रेम बनवणारी पेढी निवडली, आणि ती पेढी 2015 मध्ये आधीच विकत घेऊन ठेवली होती.